यूपीआय ॲप: चांगले डिजिटल साधन कशाला म्हणावे?

यूपीआय म्हणजे मोबाइलवरून एका बँक खात्यातून दुसऱ्या खात्यात लगेच पैसे पाठवण्याची व्यवस्था. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया (एनपीसीआय) या संस्थेने ती तयार केली. ११ एप्रिल २०१६ रोजी २१ बँकांसह तिची चाचणी सुरू झाली आणि त्याच वर्षी ३० डिसेंबरला भीम ॲप आले. आज भाजीवाल्यापासून ट्यूशनच्या फीपर्यंत सगळीकडे तीच चालते. रोजच्या वापरातले एखादे साधन चांगले बनले आहे की नाही, हे ओळखायला यापेक्षा जवळचे उदाहरण सापडणार नाही.

पूर्वी ऑनलाइन पैसे पाठवायचे तर खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड लिहून घ्यावा लागे. एक आकडा चुकला की धाकधूक. यूपीआयने ही कटकट स्वतःकडे घेतली, आपल्याकडे फक्त मोबाइल नंबर किंवा क्यूआर कोड ठेवला. दुकानातला कोड एका कंपनीचा आणि फोनमधले ॲप दुसऱ्या कंपनीचे, तरी व्यवहार होतो. क्यूआर कोडचीही गंमत आहे. १९९४ साली जपानच्या डेन्सो वेव्ह कंपनीने तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनवला. त्यात मुद्दाम थोडी जादा माहिती भरलेली असते, म्हणून तेलाचे बोट लागलेला किंवा कोपरा फाटलेला कोडही बहुतेक वेळा वाचला जातो. कारखान्यात हात काळे असतात हे बनवणाऱ्यांना माहीत होते.

दुकानातला बोलणारा डबा, साउंडबॉक्स, तोही असाच. जुना स्क्रीनशॉट दाखवून ‘पैसे पाठवले’ म्हणणारे गिऱ्हाईक भेटते. दुकानदाराचे हात कामात असतात, तो दरवेळी फोन कुठे बघणार? रक्कम मोठ्याने ऐकू आली की विषय संपला.

पण सोपेपणा म्हणजेच चांगलेपणा, असे मात्र नाही. पैसे जाण्याच्या क्षणी साधनाने आपल्याला थांबवले पाहिजे. यूपीआयमध्ये ते काम पिन करतो. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार; पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. इथेच एक खोट राहून गेली होती. ‘कलेक्ट रिक्वेस्ट’ नावाच्या सोयीने कोणीही आपल्याकडे पैसे मागू शकत असे. ठग फोन करून सांगायचा, ‘तुमचे जुने कपाट मी घेतो, पैसे पाठवलेत, पिन टाकून घ्या.’ समोर पिनचा चौकोन यायचा, माणूस पिन टाकायचा आणि खाते रिकामे. मग घरात बोलणी कोणाला? अम्मीला, दादीला. ‘तुम्हाला काही समजत नाही!’ खरे तर त्यांना साधे समजले होते, साधनानेच नीट सांगितले नव्हते. अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून एनपीसीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीकडे अशी मागणी पाठवण्याची सोयच बंद केली. लोकांना वर्षानुवर्षे ‘सावध राहा’ सांगण्यापेक्षा हे बरे.

दुसरी दुरुस्ती नावाची. आपण फोनमध्ये नंबर कोणत्याही नावाने सेव्ह करतो. जून २०२५ अखेरपासून पैसे पाठवण्याआधी बँकेच्या नोंदीतले नाव दाखवणे ॲपना बंधनकारक आहे. ते नाव वाचल्याशिवाय पिन टाकू नका, घाई असली तरी.

घरातल्या बुजुर्गांसाठी २०२४ मध्ये आलेली ‘यूपीआय सर्कल’ ही सोय मला विशेष वाटते. एकाच्या खात्यातून घरातला दुसरा माणूस पैसे देऊ शकतो. दरवेळी खातेदाराची मंजुरी ठेवता येते, किंवा महिन्याला जास्तीत जास्त १५,००० रुपयांपर्यंत मोकळीक देता येते. पिन सगळ्या घरात वाटत फिरण्याची गरज उरत नाही. साध्या बटणांच्या फोनसाठी २०२२ पासून ‘यूपीआय १२३ पे’ आहे, पण आपल्या मोहल्ल्यात ते किती जणांनी ऐकले असेल, देव जाणे.

उणिवा अजून आहेत. काही ॲपमध्ये पैसे देण्याच्या बटणाशेजारी कर्जाच्या जाहिराती आणि बक्षिसाची कार्डे नाचत असतात. ज्याची नजर अधू आहे त्याने काय दाबावे? भाषा मराठी निवडली तरी नेमका अडचणीचा संदेश कधी कधी इंग्रजीतच येतो. ‘पेंडिंग’ दिसल्यावर पैसे गेले की राहिले हे कळत नाही, म्हणून माणूस घाबरून दुसऱ्यांदा पाठवतो. तसे करू नका. व्यक्तीला पाठवलेले पैसे खात्यातून वजा झाले पण समोर पोचले नाहीत, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई आहे. ही ओळ त्याच पडद्यावर मराठीत आणि उर्दूत का दाखवत नाहीत?

आणि फसवणूक झालीच तर आधी रागावणे नको, लगेच १९३० वर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी ते अडवता येऊ शकतात.