मिठाचे ठोकळे

या वेळी गणपतीत पेणला गेलो तेव्हा गाडीत सामानापेक्षा खेळणीच जास्त होती. लेक साडेचार वर्षांची. तिच्या प्ले-स्कूलने जूनमध्येच पालकांना एक यादी धाडली होती. त्यात प्लॅस्टिकच्या ठोकळ्यांचा एक संच आणि "किचन सायन्स"चा एक डबा. दोन्ही वेगवेगळे घ्यायचे, दोन्हीची किंमत वेगवेगळी. मी आपला शहाण्या बापासारखा ऑनलाईन मागवून मोकळा झालो.

आईने तो डबा उघडून बघितला. आत एक पुडी खायच्या सोड्याची, एक पुडी लिंबूसत्त्वाची, दोन नळ्या आणि रंग. तिने किंमत वाचली, चष्मा काढला, परत लावला आणि म्हणाली, "अरे, सोडा न् लिंबाचे एवढे पैसे?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी घाईघाईने दुसरा प्रयोग काढला, चकटफू. वाटीभर पाण्यात मीठ विरघळवायचं, बशीत ओतायचं, खिडकीत ठेवायचं. पाणी उडून जाईल आणि मिठाचे चौकोनी स्फटिक दिसतील. लेकीला सांगितलं, "बघ, तुझ्या ठोकळ्यांसारखे ठोकळे तयार होणार."

दुसऱ्या दिवशी पाणी. तिसऱ्या दिवशी पाणी. पाचव्या दिवशी गौरी-गणपती गेले, बशीत पाणी तसंच. उलट मला तर थोडं वाढल्यासारखंच वाटलं! लेक केव्हाच कंटाळून शेजारच्या मूर्तीशाळेतून आणलेल्या शाडूच्या गोळ्याचे लाडू वळत बसली होती. आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "पावसात आगर चालतं का कधी?"

आईचं माहेर खारेपाटातलं. आजोबा तरुणपणी मिठागरावर कामाला होते. भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवत आटवत न्यायचं आणि शेवटच्या उथळ वाफ्यात मीठ धरलं की ओढून ढीग घालायचे, हे सगळं तिने लहानपणी बघितलंय. आगराचा हंगाम हिवाळ्यात सुरू होतो आणि पाऊस आला की संपतो. खरं तर मलाही हे कळायला हवं होतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर असली की मिठाचं घट्ट पाणी वाळतच नाही. पेणला भाद्रपदात ती त्याच्या खाली येते कशाला? पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ते याचमुळे. हे सगळं आईला ठाऊक होतं, फक्त तिच्याकडे टक्केवारी नव्हती. "मला काय कळतं सायन्समधलं" हे वाक्य ती दिवसातून दोनदा म्हणते, ते वेगळंच.

असो. प्रयोग फसला, पण डोक्यात किडा शिरला. ठोकळे आणि मीठ हे दोन डबे वेगळे कधी झाले? विकांताला बसून वाचत गेलो तर कळलं की सुरुवातीला ते वेगळे नव्हतेच.

पॅरिसमध्ये रने जुस्त आऊई नावाचा एक पाद्री होता. त्याची गोष्ट अशी सांगतात की एका मित्राच्या संग्रहातला कॅल्साइटचा सुंदर स्फटिक बघताना तो त्याच्या हातून पडला आणि फुटला. (यजमानाचा चेहरा डोळ्यासमोर आणा.) आऊईच्या लक्षात आलं की तुकडे कसेही फुटलेले नाहीत, त्यांचे कोन तेच ते आहेत. मग त्याने मुद्दाम आणखी स्फटिक फोडले. १७८४ साली त्याने मांडलं की प्रत्येक स्फटिक म्हणजे एकाच आकाराच्या अतिसूक्ष्म विटा रचून केलेलं बांधकाम. त्याच्या आकृत्यांमध्ये बारीक बारीक घन पायऱ्यांसारखे रचून मोठे आकार केलेले दिसतात. आज ते चित्र बघितलं तर कोणीही म्हणेल, लेगो!

आऊईच्या ग्रंथाच्या जर्मन भाषांतरात ज्याचा हात होता तो ख्रिस्तियान वाइस पुढे बर्लिनला प्राध्यापक झाला. त्याला स्वतःला ही विटांची कल्पना फारशी पटली नव्हती, ही आणखी एक गंमत. या वाइसच्या हाताखाली १८१४ ते १८१६ या काळात खनिजांच्या संग्रहालयात एक तिशीतला मदतनीस दगड लावायचं काम करत होता. त्याचं नाव फ्रीडरिश फ्रोबेल. हो, तोच किंडरगार्टनवाला.

दोन वर्षं रोज स्फटिक हाताळलेल्या या माणसाने १८३७ साली जर्मनीतल्या बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी काम सुरू केलं, १८४० मध्ये त्याला किंडरगार्टन हे नाव दिलं आणि मुलांसाठी क्रमाने खेळणी तयार केली. त्यातलं तिसरं म्हणजे दोन इंचाचा लाकडी घन, आठ छोट्या घनांत कापलेला. मोडा आणि परत रचा. बालवाडीतला ठोकळा आला तो असा, थेट दगडांच्या संग्रहालयातून. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदीच घातली होती, ती १८६० पर्यंत टिकली. त्यामागे फ्रोबेल आणि त्याच्या जहाल विचारांच्या पुतण्याच्या नावाचा घोळ होता म्हणतात. आपल्याकडे नावांच्या घोळात फार तर पेन्शन अडकते.

मिठाचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९१३ मध्ये ब्रॅग बापलेकांनी क्ष-किरणांच्या मदतीने मिठाच्या आतली रचना शोधून काढली. सोडियम, क्लोरीन, सोडियम, क्लोरीन, तिन्ही दिशांना काटकोनात. दोन वर्षांनी नोबेल मिळालं तेव्हा मुलगा २५ वर्षांचा होता. आऊईच्या घट्ट विटा खऱ्या नव्हत्या, पण एकच नमुना पुन्हा पुन्हा रचला जातो हे त्याचं म्हणणं खरं निघालं. तो नमुना इतका बारीक की मिठाच्या एक मिलिमीटरच्या खड्यात नुसत्या एका बाजूवर सुमारे १८ लाख बसतात. लेगोच्या आठ खुंट्यांच्या फक्त सहा विटा ९१ कोटींहून जास्त प्रकारे जोडता येतात म्हणून आम्ही संगणकवाले भारावून जातो. इथे मीठ अब्जावधी विटा एकाच प्रकारे, न चुकता जोडतं. आमच्या टीमला जमेल का?

एकच माप घ्यायचं आणि गुणत जायचं हा विचार स्वयंपाकघरात शिरल्याची एक गोष्ट तर पेण तालुक्यात जन्मलेल्या माणसाच्या घरातली आहे. विनोबा भावे गागोद्याचे, जन्म १८९५. त्यांच्या आईने देवाला लाख तांदूळ वाहायचा नेम केला होता आणि ती दाणा दाणा मोजायची. वडील नरहरपंत शास्त्रीय वृत्तीचे. ते म्हणाले, एक तोळ्यात किती दाणे बसतात ते मोज, त्यावरून लाखाचे तोळे काढ, चूक नको म्हणून अर्धा तोळा जास्त घे. आईने मुलाला विचारलं. विनोबांनी आईची बाजू घेतली, हे गणित नाही, भक्ती आहे म्हणून. मी नरहरपंतांच्या पक्षात. पण पोर मध्यस्थाला बोलावलं आणि त्याने दोन्हीकडचं ऐकून उत्तर दिलं, शिक्षण म्हणून हे पुष्कळच झालं.

मग ताटातूट कुठे झाली? मारिया माँटेसरीच्या १९०७ सालच्या रोममधल्या बालगृहात तरी नाही. तिथे एकीकडे एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटरपर्यंतच्या दहा घनांचा मनोरा (सगळ्यात मोठा घन सगळ्यात छोट्याच्या हजारपट, हे हातात घेतल्यावरच कळतं) आणि दुसरीकडे पाणी ओतणं, टेबल मांडणं, भांडी धुणं. एकाच घरात दोन्ही. पण पद्धत जगभर पसरली तेव्हा मनोरा पेटीत घालून पाठवता आला. भांडी धुणं पाठवता आलं नाही. माझ्या मते सगळी गोम इथे आहे. जे पेटीत मावतं ते विकता येतं, आणि जे विकता येतं त्यालाच आपण शिक्षण म्हणायला लागतो. माझ्या दोन डब्यांचा उगम हाच.

यावरचा सगळ्यात चांगला उपाय मराठी बाईने केला. ताराबाई मोडक मूळच्या माँटेसरी पद्धतीच्याच. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी काम केलं, १९२६ मध्ये दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. (पेणच्या मूर्तींची शाडू मातीही भावनगरकडून येते. काही संबंध नाही, मला आपलं आवडलं.) दादरला त्यांचा शिशुविहार चालत होता. तिथेच राहिल्या असत्या तरी नाव झालंच असतं. पण १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या, मच्छीमारांच्या आणि आदिवासींच्या वस्त्यांत. सोबत अनुताई वाघ. मुलं शाळेत येईनात, तर यांनी शाळा त्यांच्या अंगणात नेली. पेटीतलं महाग साहित्य तिथे परवडणार नव्हतं. मग शंख-शिंपले, गोटे, चिंचोके, पानं, काड्या, माती. वर्गीकरण करा, मोजा, रचा, लहान-मोठं लावा. मनोऱ्यातून जे शिकायचं तेच, फक्त मुलाने ते स्वतः किनाऱ्यावरून वेचून आणायचं. १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. दोनच वर्षांनी, १९७५ मध्ये, केंद्र सरकारची बालविकास योजना आली आणि 'अंगणवाडी' हा शब्द देशभर गेला. शब्द गेला; शिंपले किती ठिकाणी गेले हा प्रश्न मी आमच्या गल्लीतल्या अंगणवाडीताईंना विचारला, तर त्यांनी मला आधी रजिस्टरांचा गठ्ठा दाखवला. यात त्यांचा काडीचा दोष नाही.

तर, गेल्या डिसेंबरात सासुरवाडीला रोह्याला होतो. हवा कोरडी, आकाश निळं, कुंडलिकेवरून गार वारा. पुन्हा प्रयत्न करायचं ठरवलं. या वेळी आधी आईला फोन. तिने दोन गोष्टी सांगितल्या. एक, बारीक मीठ घेऊ नका, पाणी गढूळ होतं, खडे मीठ घ्या. (पुडीतलं मीठ मोकळं राहावं म्हणून त्यात जे घालतात ते नीट विरघळत नाही.) दोन, मीठ घालत राहा, तळाशी राहायला लागलं की थांबा. १०० मिली पाण्यात साधारण ३६ ग्रॅमला ते थांबतं. पाणी उकळलं तरी फार तर ३९. म्हणून मीठ तापवून थंड करून मिळत नाही, त्याला आटवावंच लागतं. साखरेचं उलट, गरम पाण्यात ती दुपटीहून जास्त मावते आणि थंड होताना दोऱ्यावर खडीसाखर धरते. ते भर पावसातही जमलं असतं. भाद्रपदात हे सुचलं असतं तर माझी अब्रू वाचली असती.

लेकीने वाटी-चमच्याने मोजून मीठ घातलं, ढवळलं, बटाट्याची फोड टाकली. साध्या पाण्यात बुडालेली फोड इथे तरंगली, यावर अर्धा तास गेला. मग स्टीलचं ताट गच्चीवर.

चौथ्या दिवशी दुपारी सासऱ्यांचं भिंग घेऊन आम्ही तिघं ताटाभोवती उकिडवे बसलो. कडेला पांढरी साय, पण मधे स्वच्छ चौकोन. काही तर पोकळ, आत उतरत गेलेल्या पायऱ्यांचे, उलट्या पिरॅमिडसारखे. मी काही बोलायच्या आत लेक उठून खाली गेली, ठोकळ्यांची पिशवी घेऊन आली आणि भिंगातून बघत बघत चार बाजूंनी पायऱ्या रचायला लागली. तिसऱ्या थराला ठोकळे संपले. तिने हातातला निळा ठोकळा जरा वेळ निरखला, मग जिभेला लावून बघितला.

"हा खारट नाही," ती म्हणाली.

संध्याकाळी तिनेच आजीला फोन लावला आणि आगर सुरू झाल्याचं सांगितलं. आईने फोन माझ्याकडे द्यायला लावला.

"ताट घरात घेतलंस का? रात्री दव पडेल, सगळ्याचं परत पाणी होईल."

मी चप्पल घालून गच्चीवर पळालो.