उष्णोदक कुंडे व प्रतिजैवरोधी सूक्ष्मजंतू

भूपृष्ठाखाली खोलवर तापून भेगांवाटे वर येणाऱ्या पाण्याच्या झऱ्यांना कोकणात ‘उन्हाळे’ म्हणतात. अशा पाण्याची कुंडे व स्नानोपचाराची साधने यांत वाढणारे आणि प्रतिजैव पदार्थांना दाद न देणारे सूक्ष्मजंतू हा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुढे आलेला आरोग्यविषयक प्रश्न होय.

कोकणात असे झरे सु. १८ ठिकाणी आढळतात. तानसा नदीच्या परिसरातील वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी (ठाणे जि.), पालीजवळील उन्हेरे (रायगड जि.) आणि आरवली, तुरळ व राजापूर (रत्नागिरी जि.) येथील झरे प्रसिद्ध आहेत. जळगाव जिल्ह्यातील उनपदेव व नांदेड जिल्ह्यातील उनकेश्वर येथेही कुंडे आहेत. वसईच्या विजयानंतर (१७३९) चिमाजी आप्पांनी वज्रेश्वरीचे मंदिर बांधविले. गंधकाचा अंश असलेले पाणी त्वचारोग व संधिवात यांवर गुणकारी असते, या समजुतीने रुग्ण तेथे पिढ्यान्‌पिढ्या येत राहिले.

अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ मध्ये पेनिसिलिनाचा शोध लावला व अपुऱ्या मात्रेमुळे जंतू रोधक्षम बनतील, असा इशाराही १९४५ मध्ये दिला. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि ही औषधे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली. १९५९ मध्ये जपानी संशोधकांनी आमांशाच्या जंतूंतील रोधक्षमता एका जंतूकडून दुसऱ्याकडे संक्रमित होते, असे दाखविले. अशी जनुके बहुधा प्लास्मिड नावाच्या डीएनए-वलयांवर असतात. मात्र रोधक्षमता मानवनिर्मित नाही, सु. ३०,००० वर्षे गोठलेल्या मातीतही तिची जनुके आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. औषधांच्या अतिवापराने रोधक्षम जंतूंची निवड होते, एवढेच.

धोका मूळ झऱ्यापेक्षा कुंडात अधिक असतो. खेडजवळील उन्हवरे येथील झऱ्याचे तापमान सु. ७०° से. असून बहुतेक रोगजंतू त्यात तगत नाहीत. परंतु साठवलेले पाणी ४०° से.च्या आसपास निवाले, की ते स्यूडोमोनस एरुजिनोझा या जंतूस मानवते. बाह्यपटलाची अल्प पार्यता व औषध बाहेर फेकणारी पेशीय यंत्रणा यांमुळे हा जंतू अनेक प्रतिजैवांना जात्याच रोधक असतो. नळ, फवारे व टाक्या यांच्या आतील बुळबुळीत जैवपटलात तो निर्जंतुकांपासूनही सुरक्षित राहतो. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातील साथीनंतर ओळखला गेलेला लिजिओनेला हा जंतूही कोमट पाण्यात वाढतो व तुषारांवाटे फुप्फुसात शिरतो. इंग्लंडमधील बाथ येथे १९७८ मध्ये उष्णोदकातील अमीबामुळे एका मुलीचा मृत्यू झाल्यावर तेथील स्नान बंद करण्यात आले. नवे स्नानगृह २००६ मध्ये उघडले.

सांडपाण्याचा संसर्ग हे दुसरे कारण होय. दिल्लीतील सार्वजनिक पाण्यात एनडीएम-१ हे रोधक जनुक आढळल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. भंडारा जिल्ह्यातील गोसीखुर्द जलाशयात नागपूरचे सांडपाणी नाग, कन्हान व वैनगंगा या नद्यांमार्गे पोहोचते. त्यावरून नागरी जंतू किती दूर जाऊ शकतात, याची कल्पना येते.

जखमा व त्वचाविकार असलेले लोकच बरे होण्याच्या आशेने कुंडात उतरतात आणि संसर्गाचा धोकाही त्यांनाच सर्वाधिक असतो. गंधकयुक्त पाण्यात क्लोरीन लवकर खर्ची पडत असल्याने केवळ त्यावर विसंबता येत नाही. पाणी वाहते ठेवणे, कुंडे व नळ नियमित घासणे, पाण्याची जंतुपरीक्षा करणे आणि उघडी जखम असलेल्यांनी सामाईक कुंडात न उतरणे, हे उपाय अधिक भरवशाचे ठरतात.