हान शीझायची रात्रमैफल

चिनी दरबारी चित्रकलेतील हा विख्यात गुंडाळपट, म्हणजे उजवीकडून डावीकडे थोडाथोडा उलगडत पाहावयाचे लांबट आडवे चित्र, होय. मूळ चित्र दक्षिण थांग राज्याचा (937–975) अखेरचा राजा ली यू याच्या दरबारातील चित्रकार गू होंगझोंग याने दहाव्या शतकात काढले, बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयातील रेशमी प्रत (28.7 × 335.5 सेंमी.) मात्र सोंग काळातील मानली जाते. मंत्री हान शीझाय याच्या घरच्या रंगेल मैफली कशा असतात, हे पाहून येण्यासाठी राजानेच चित्रकाराला पाठवले, असे सोंग दरबाराच्या बाराव्या शतकातील चित्रसूचीत म्हटले आहे.

पटात पीपा या तंतुवाद्याचे श्रवण, नृत्य, विश्रांती, बासरीवादन आणि पाहुण्यांचा निरोप असे पाच प्रसंग आहेत. भिंती, छत वा जमीन कुठेच रंगवलेली नाही. प्रसंग वेगळे करण्याचे काम उभे पडदे आणि पलंगच करतात, आणि या पडद्यांआडून कोणी डोकावते, तर कोणी पलीकडच्याशी बोलते, त्यामुळे सीमा आखली जात असतानाच ती ओलांडलीही जाते. छायाप्रकाश टाळलेला असल्याने रात्र असल्याची खूण मुख्यतः मेणबत्तीवरून पटते. काळ्या लाकडी सामानाच्या पार्श्वभूमीवर वस्त्रांचे लाल, हिरवे व निळे खनिज रंग उठून दिसतात.

पहिल्या प्रसंगात सगळ्यांच्या नजरा वादिकेकडे वळलेल्या असून, रचनेचा सारा ताण त्या रोखलेल्या नजरांतच साठला आहे. उंच काळी टोपी घातलेला दाढीवाला हान प्रत्येक प्रसंगात पुन्हा येतो आणि मानाप्रमाणे इतरांपेक्षा मोठा रेखाटलेला असतो; तो नृत्याला ढोलाची साथ करतो, पुढे उघड्या छातीने बासऱ्या ऐकतो, पण त्याचा चेहरा कुठेच खुलत नाही. ढोलाजवळचा बौद्ध भिक्षू तर नर्तिकेकडे न पाहता संकोचून उभा आहे. मोडकळीस आलेल्या राज्याचे प्रधानपद गळ्यात पडू नये म्हणून हानने विलासीपणाचे सोंग घेतले, ही पारंपरिक कथा उत्तरकालीन ग्रंथांतली असल्याने तिला पुरावा मानणे कठीण आहे; तथापि चित्रातील उदासी त्या कथेवाचूनही जाणवते. प्रतीचा काळ ठरवताना अभ्यासक हानच्या चेहऱ्यापेक्षा पडद्यांवरील निसर्गचित्रांवर अधिक भिस्त ठेवतात, कारण त्यांची शैली दक्षिण थांगपेक्षा सोंग चित्रकलेला जवळची आहे.