मालक बदलले, हात तेच राहिले

शेंद्रा म्हटले की पूर्वी जालना रस्त्यावरील मांगीरबाबाची जत्रा आठवे. आता मोटारी आठवतात. २००१ साली येथे स्कोडा कंपनीच्या ‘ऑक्टाव्हिया’ गाडीची जुळणी सुरू झाली. मालकाची मूल्ये आणि कामगाराची मूल्ये जुळावीत असे हल्ली सर्वत्र ऐकू येते. ती किती जुळू शकतात, हे आम्हांला ह्याच कंपनीच्या इतिहासातून तपासावेसे वाटते.

झेक भूमीतील म्लादा बोलेस्लाव गावी वात्स्लाव क्लेमेंट हा पुस्तकविक्रेता राहत असे. त्याची सायकल बिघडली. त्याने जर्मन कंपनीला झेक भाषेत तक्रार लिहिली. उत्तर हवे असेल तर आम्हांला समजणाऱ्या भाषेत लिहा, असे त्याला कळवण्यात आले! भाषेच्या त्या अवहेलनेतून, वात्स्लाव लॉरिन ह्या कारागिराच्या साथीने, त्याने डिसेंबर १८९५ मध्ये स्वतःचा कारखाना काढला. मालकाचा स्वाभिमान आणि कामगाराचा स्वाभिमान तेव्हा एकाच भाषेत बोलत असावा.

ते फार काळ टिकले नाही. १९२५ साली कारखाना पिल्झेनच्या स्कोडा उद्योगात विलीन झाला. १९३९ नंतर नाझी अंमलाखाली त्याच हातांना युद्धसामग्री घडवावी लागली. १९४६ मध्ये तो सरकारी झाला. पुढे चार दशके मालक साम्यवादी राजवट. १९९१ साली फोक्सवॅगन ही जर्मन कंपनी आली. (क्लेमेंटने ह्यावर काय पत्र लिहिले असते!) मूल्ये प्रत्येक मालकाबरोबर बदलली, पाना आवळण्याचे काम तेवढे बदलले नाही.

पोप जॉन पॉल दुसरे हे नाझी अंमलातील पोलंडमध्ये तरुणपणी क्राकोजवळच्या दगडखाणीत व सॉल्वे रसायन कारखान्यात राबले होते. १९८१ च्या ‘लाबोरेम एक्झेर्चेन्स’ ह्या परिपत्रकात त्यांनी प्रत्यक्ष मालक आणि अप्रत्यक्ष मालक असा भेद केला. जी धोरणे, करार आणि संस्था प्रत्यक्ष मालकाचे वर्तन ठरवतात, त्यांचाही कामगाराच्या वाट्याला येणाऱ्या न्याय-अन्यायात भाग असतो. शेंद्र्याच्या कामगाराला हा भेद चांगलाच ठाऊक असेल. त्याचा प्रत्यक्ष मालक समोर असतो, धोरण मात्र दूर युरोपात ठरते.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची लबाडी अमेरिकेत उघडकीस आली. चाचणी चालू आहे हे ओळखून धूर तेवढ्यापुरता स्वच्छ दाखवणारी संगणकप्रणाली डिझेल गाड्यांत बसवलेली होती. जगभर सुमारे १ कोटी १० लाख गाड्या! भारतात त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ३,२३,७०० गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचे जाहीर झाले. त्यांत ८८,७०० स्कोडा होत्या. भारतीय नियमांचा भंग झालेला नाही, असे कंपनीचे म्हणणे राहिले. शेंद्रा येथील जुळणी करणाऱ्याने बोल्ट चोख आवळला असेल; पण त्या चोखपणाच्या आत दुसऱ्याचे असत्य दडलेले असू शकते, हे त्याला कोण सांगणार होते?

जेम्स लियांग ह्या अभियंत्याला मात्र ते ठाऊक होते. तो कंपनीत १९८३ पासून होता. ऑगस्ट २०१७ मध्ये त्याला ४० महिन्यांचा कारावास झाला. मालकावरील चुकीच्या निष्ठेपायी त्याने हे केले, असा बचाव त्याच्या वकिलाने मांडला. म्हणजे त्याची आणि मालकाची मूल्ये अगदी बेमालूम जुळली होती.