पदापूर्वीची सेवा

लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये ८ ऑगस्ट १९८४ रोजी स्त्रियांच्या ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी झाली. ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी ही शर्यत प्रथमच ठेवण्यात आली होती. मोरोक्कोच्या नवाल एल मुतावाकेल यांनी ती ५४.६१ सेकंदांत जिंकली. केरळातील पय्योलीच्या पी. टी. उषा ५५.४२ सेकंदांत चौथ्या आल्या. त्यांचे कांस्यपदक एक शतांश सेकंदाने हुकले. त्याची हुरहुर आपणां भारतीयांच्या मनातून अजून गेलेली नाही. तथापि त्या दोघींची पुढील वाटचालही तितकीच स्मरणीय आहे.

नवाल यांचा जन्म १९६२ साली कासाब्लांका येथे झाला. शिक्षणासाठी त्या अमेरिकेतील आयोवा येथे गेल्या आणि थोड्याच काळात त्यांचे पितृछत्र हरपले. घरापासून हजारो मैल दूर राहून त्यांनी सराव चालू ठेवला. त्यांचे सुवर्णपदक हे मोरोक्कोचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदक होय. त्या दिवशी जन्मलेल्या मुलींची नावे नवाल ठेवावीत, असे राजे दुसरे हसन यांनी फर्माविले. परंतु फर्मानाने नाव मिळाले, तरी धावावयास रस्ता मिळतोच असे नाही. तो मिळावा म्हणून नवाल यांनी १९९३ मध्ये कासाब्लांकात सर्वसामान्य स्त्रियांसाठी दौड सुरू केली. शासनात त्यांना स्थान मिळाले ते त्यानंतर, १९९७ मध्ये. २००७ मध्ये त्या युवक व क्रीडा खात्याच्या मंत्री झाल्या.

उषा यांचाही क्रम हाच. रेल्वेची नोकरी सांभाळून त्यांनी १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत चार सुवर्णपदके मिळविली. २००२ मध्ये त्यांनी केरळात मुलींसाठी धावण्याचे प्रशिक्षण देणारी शाळा काढली. तेथे घडलेली टिंटू लुका २०१२ मध्ये लंडन ऑलिंपिकमध्ये धावली. राज्यसभेवरील नियुक्ती आणि भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्षपद हे दोन्ही मान त्यांच्याकडे आले ते २०२२ मध्ये, म्हणजे शाळा काढल्यावर वीस वर्षांनी.

शासकीय सेवेत आयुष्य घालविताना, 'अधिकार मिळू द्या, मग काम करून दाखवितो,' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. या दोघींनी मात्र काम आधी उभे केले. अधिकार मागाहून आला. पदाची वा मानधनाची अपेक्षा न धरता ज्यांनी परप्रांतात पन्नास वर्षे हे मंडळ चालविले, त्यांना याचा अर्थ वेगळा सांगावयास नको.