थिबा राजाचें रत्नागिरींतील घर

रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यांत पाऊल टाकलें कीं मला प्रथम आठवतो तो एक हत्ती. १८८५ च्या नोव्हेंबरांत इंग्रजांनीं ब्रह्मदेशच्या थिबा राजाला मंडालेहून बोटींत बसविलें. त्याचा पांढरा हत्ती मागें राहिला व थोड्याच दिवसांत मेला. राणी सुपयालत बरोबर आली. कोरीव सागवानी महालांत नांदलेल्या या दांपत्यानें रत्नागिरींतील बंगल्यांत चोवीस वर्षें काढलीं. १९१० सालीं उतरत्या छपरांचा हा वाडा मिळाला, तेव्हां राजाच्या आयुष्याचीं उणींपुरीं सहा वर्षें उरलीं होतीं. सज्जांतून भाट्याची खाडी दिसे, इरावती नव्हे. १९१९ मध्यें राणीला परतूं दिलें, पण रंगूनपर्यंतच. मंडालेंत जन्मलेली थोरली राजकन्या मात्र रंगूनहून पुनः रत्नागिरीस आली, आणि १९४७ सालीं तेथेंच वारली.