बिकावेरची वंशवेल

हंगेरीच्या उत्तरेकडच्या एगेर गावची लाल वाइन म्हणजे बिकावेर, अर्थात वळूचं रक्त. नावामागची दंतकथा अशी : १५५२ साली उस्मानी फौजेनं एगेरच्या गडाला वेढा घातला. किल्लेदार इश्तवान दोबो यांच्याकडे शिबंदी जेमतेम दोन हजारांची. दोबोंनी तळघरातली लाल वाइन सैनिकांना पाजली. दाढीमिशांवरून ओघळणारा लाल रंग पाहून तुर्कांना वाटलं, ही माणसं वळूचं रक्त पिऊन लढतायत! ते घाबरले आणि वेढा उठला.

गड झुंजला हे खरं. पाच आठवडे झुंजला, तटावर बायकाही लढल्या, आणि तुर्कांना माघारी जावं लागलं. पण त्या पराक्रमाचं श्रेय लाल वाइनला देता येत नाही, कारण तेव्हा एगेरच्या टेकड्यांवर होत होती ती पांढरी वाइन.

बहुतेक काळ्या द्राक्षांचाही रस फिकाच असतो. रंग सालीत असतो. रस सालींसकट आंबवला, वर तरंगणारा सालींचा थर पुन्हा पुन्हा खाली दाबला, तर रंग रसात उतरतो. ही रीत आणि तिला साजेसं कादार्का हे काळं द्राक्ष हंगेरीत आणलं ते बाल्कनमधून उत्तरेकडे सरकलेल्या सर्ब लोकांनी. त्यांना घरदार सोडायला लावलं होतं उस्मानी लढायांनीच. १५९६ मध्ये एगेरही पडलं आणि १६८७ पर्यंत तुर्कांकडे राहिलं. त्या काळातला एक मिनार गावात अजून उभा आहे. ज्या वाइननं तुर्कांना पळवलं म्हणतात, ती तुर्कांमुळे विस्थापित झालेल्यांच्या हातची आहे. मला ही हकिकत दंतकथेपेक्षा मोठी वाटते. गड लढवणाऱ्यांची नावं राहिली, वेली घेऊन आलेल्यांची राहिली नाहीत.

नावाची वाटही वेगळीच. बिकावेर या शब्दाचा एक फार जुना उल्लेख यानोश गाराय यांच्या १८४६ च्या कवितेत येतो, आणि तो दक्षिणेतल्या सेकसार्दच्या वाइनबद्दल आहे! आजही सेकसार्दला हे नाव वापरण्याचा हक्क आहे.

मग १८८० च्या दशकात फिलॉक्सेरा आला. मुळं शोषणाऱ्या या अमेरिकन किडीनं मळे उजाड केले. अमेरिकन खुंटांवर कलमं बांधून नवी लागवड झाली. पण उशिरा पिकणारं, पावसात लवकर कुजणारं कादार्का हळूहळू मागे पडलं आणि त्याची जागा केकफ्रांकोश या दुसऱ्या काळ्या द्राक्षानं घेतली. समाजवादी राजवटीत सरकारी कारखान्यांनी बिकावेर अफाट प्रमाणात काढली. बाटली ‘बुल्स ब्लड’ म्हणून पश्चिमेत पोचली. स्वस्त, पातळ आणि बदनाम. त्या काळानं या वाइनचं जेवढं नुकसान केलं, तेवढं किडीनंही केलं नसेल.

१९९० नंतर मळे पुन्हा खासगी हातांत आले. इटलीतल्या ओर्नेलाइया या वाइनरीत नाव कमावलेले वाइनकार तिबोर गाल एगेरला परतले, आणि १९९७ मध्ये बिकावेरची नियमावली ठरली. तेव्हापासून बिकावेर एकाच द्राक्षाची करता येत नाही. अनेक जातींचं मिश्रण लागतं. आजच्या नियमानुसार त्यात केकफ्रांकोशचा वाटा सर्वांत मोठा हवा. कादार्का चालतं, पण सक्तीचं नाही. काही उत्पादक ते पुन्हा लावू लागले आहेत. थोडंसं मिसळलं तरी मसाल्याचा हलका दरवळ येतो. नियमात त्याला हक्काचा वाटा मिळायला हवा, असं मला मनापासून वाटतं.